चौथ्या आकड्याचा अर्थ : पारदर्शक प्रतिमा कोडमधून एकमेकींवर चढवताना होणारे घोटाळे

पारदर्शक पार्श्वभूमी असलेले एखादे गोल चिन्ह कोडमधून छायाचित्रावर चढवले, की त्याचा मधला भाग बहुधा बिनचूक उमटतो आणि कडेने मात्र केसाएवढी काळपट रेघ दिसू लागते. कधी ती रेघ पांढरी असते, कधी मऊ सावली अपेक्षेपेक्षा फिकी पडते, तर कधी पडद्यावर सगळे ठीक दिसत असूनही जतन केलेल्या फाइलमध्ये चिन्हाच्या जागी खालचे काहीतरी आरपार दिसते. अशा वेळी मिश्रणाच्या सूत्रातले गुणक बदलून पाहण्याचा मोह होतो आणि एखादा बदल त्या एका प्रतिमेपुरता लागूही पडतो. पण दुसरी प्रतिमा आली की तीच रेघ वेगळ्या रंगात परत येते. माझा अनुभव असा आहे, की सूत्र बहुतेकांनी बरोबरच लिहिलेले असते. पिक्सेलमधल्या चार आकड्यांचा अर्थ काय, याबद्दल कोडच्या दोन भागांची समजूत मात्र वेगवेगळी असते. ती तफावत नेमकी कोठे आहे हे सापडले, की दुरुस्ती एकदोन ओळींची उरते.

रंगीत पिक्सेलमध्ये लाल, हिरवा आणि निळा असे तीन आकडे असतात. चौथा आकडा अल्फाचा. त्या पिक्सेलची किती जागा वस्तूने व्यापली आहे, हे तो सांगतो. शून्य म्हणजे काहीच नाही, २५५ म्हणजे पूर्ण, आणि १२८ म्हणजे साधारण निम्मी; गणित करताना पूर्ण म्हणजे एक धरतात. ही कल्पना १९७०च्या दशकाच्या अखेरीस न्यूयॉर्क इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये एड कॅटमल आणि ॲल्व्ही रे स्मिथ यांनी मांडली, आणि दोन प्रतिमांच्या मिश्रणाच्या सूत्रात अल्फा हे ग्रीक अक्षर वापरले जात असे, त्यावरून तिला नाव पडले. पुढे १९८४ मध्ये टॉम पोर्टर आणि टॉम डफ यांनी एक प्रतिमा दुसरीवर ठेवण्याचे सगळे प्रकार एका शिस्तीत बसवले. आज आपण ज्याला नुसते ‘ब्लेंडिंग’ म्हणतो, ते बहुतेक वेळा त्यांच्या यादीतले ‘ओव्हर’ असते.

ओव्हरचे गणित अवघड नाही. वरच्या पिक्सेलने निम्मी जागा व्यापली असेल, तर त्याच्या रंगाचा निम्मा भाग घ्यायचा आणि उरलेल्या निम्म्या जागेतून खालचा जो रंग दिसतो तो त्यात मिळवायचा. खालचा थर पूर्ण अपारदर्शक असेल तेव्हा एवढे पुरते. खालचा थरही पारदर्शक असला, तर उत्तराचा अल्फा वेगळा काढावा लागतो: वरचा अल्फा, अधिक खालच्या अल्फाचा तेवढाच हिस्सा जेवढी जागा वरच्याने मोकळी सोडली आहे. निम्म्यावर निम्मा ठेवला तर उत्तर पाऊण येते. ते पूर्ण एक आले किंवा निम्मेच राहिले, तर कोडमध्ये कोठेतरी नुसती बेरीज होत आहे किंवा वरचा अल्फा जसाच्या तसा उचलला जात आहे.

बिघाड नेहमी कडेलाच का दिसतो, याचेही उत्तर यातच आहे. अल्फा पूर्ण असेल तेथे चुकीचे सूत्रसुद्धा बरोबर उत्तर देते, कारण एकने कितीही वेळा गुणले तरी फरक पडत नाही. पिक्सेल पूर्ण रिकामा असेल तेथेही बहुधा तसेच घडते. चूक उघडी पडते ती मधल्या किमतींवर, आणि मधल्या किमती असतात गुळगुळीत केलेल्या कडांवर, सावल्यांत, केसांत आणि धुरात. म्हणून चौकोनी, टणक कडांच्या प्रतिमेवर तपासलेले कोड बरोबर आहे असे समजणे धोक्याचे ठरते.

गुणाकार आधीच झाला आहे का?

अल्फासोबतचा रंग साठवण्याच्या दोन रीती आहेत. पहिलीत रंग मूळ स्वरूपातच ठेवतात आणि अल्फा बाजूला राहतो. तिला स्ट्रेट अल्फा म्हणतात. दुसरीत रंगाला अल्फाने आधीच गुणून ठेवतात. ती प्रीमल्टिप्लाइड अल्फा. निम्म्या अल्फाचा करडा २०० पहिल्या रीतीत २०० आणि १२८ असा लिहिला जाईल, तर दुसऱ्या रीतीत १०० आणि १२८ असा. दोन्ही नोंदी एकाच पिक्सेलच्या आहेत, पण नुसते आकडे पाहून कोणती रीत वापरली आहे हे बफर, म्हणजे स्मृतीत ठेवलेला पिक्सेलांचा साठा, स्वतःहून सांगत नाही.

आता हाच करडा पिक्सेल २०० याच किमतीच्या अपारदर्शक करड्या पार्श्वभूमीवर ठेवून पाहा. रंगावर तोच रंग ठेवला तर काहीही बदलता कामा नये. स्ट्रेट रीतीत वरून १०० आणि खालून १०० मिळून २०० होतात, आणि प्रीमल्टिप्लाइड रीतीत गुणाकार आधीच झालेला असल्यामुळे सरळ १०० अधिक १०० होतात. परंतु प्रतिमा प्रीमल्टिप्लाइड असून कोडने ती स्ट्रेट समजली, तर १००चा पुन्हा निम्मा होऊन ५० उरतात आणि उत्तर येते १५०. हीच ती काळपट रेघ. उलट प्रतिमा स्ट्रेट असून कोडने ती प्रीमल्टिप्लाइड समजली, तर २०० अधिक १०० म्हणजे ३०० होतात. कोड कमाल मर्यादा पाळत असेल तर २५५ची चकाकती पांढरट कड दिसते आणि पाळत नसेल तर आकडा फिरून ४४ होतो, म्हणजे उजेडात मध्येच काळे ठिपके पडतात. रंगावर तोच रंग ठेवण्याची ही चाचणी मला सर्वांत विश्वासार्ह वाटते, कारण ती करताना उत्तर काय यायला हवे याबद्दल वाद उरत नाही आणि ती डोळ्यांच्या अंदाजावरही अवलंबून नाही.

कोणती फाइल कोणती रीत पाळते, हे माहीत असले की निम्मे काम होते. पीएनजीच्या प्रमाणकानुसार रंग स्ट्रेटच असतो. चित्रपटांच्या कामात वापरल्या जाणाऱ्या ओपनईएक्सआरमध्ये संकेत प्रीमल्टिप्लाइडचा आहे. टिफमध्ये दोन्ही चालतात आणि कोणती रीत आहे हे फाइलमधल्या एका टॅगमध्ये नोंदवता येते, परंतु फाइल वाचणारे कोड तो टॅग पाहीलच असे नाही. ब्राउझरचा कॅनव्हास, म्हणजे पानावरचा चित्रे काढण्याचा पट, पिक्सेल सहसा आत प्रीमल्टिप्लाइड ठेवतो आणि आपण ते वाचायला मागितले की भागाकार करून स्ट्रेट देतो. ग्राफिक्स कार्डकडून ब्राउझरमध्ये चित्रे काढून घेण्याच्या वेबजीएल या सोयीत तर दोन ठिकाणचे ठरलेले वर्तन एकमेकांच्या उलट आहे: पानावर कॅनव्हास दाखवताना त्यातले रंग प्रीमल्टिप्लाइड आहेत असे ब्राउझर धरून चालतो, पण आपण टेक्स्चर म्हणून, म्हणजे आकारांवर चिकटवण्यासाठी, चढवलेल्या प्रतिमेचा गुणाकार मात्र तो आपण सांगितल्याशिवाय करत नाही. दोन्ही गोष्टी न बदलता ठेवणाऱ्या नवख्या माणसाला चुकीची कड मिळणे त्यामुळे जवळपास ठरलेलेच असते, आणि त्यात त्याचा फारसा दोष नसतो.

हातात आलेला बफर कोणत्या रीतीचा आहे हे ठाऊक नसेल, तर एक साधी तपासणी करता येते. प्रीमल्टिप्लाइड प्रतिमेत कोणताही रंग त्याच पिक्सेलच्या अल्फापेक्षा मोठा असू शकत नाही. किमान साध्या आठ बिटांच्या प्रतिमांत तरी नाही. त्यामुळे एका जरी पिक्सेलमध्ये लाल २०० आणि अल्फा १२८ असे आढळले, तर प्रतिमा स्ट्रेट आहे हे नक्की होते. उलट बाजूने मात्र एवढी खात्री देता येत नाही, कारण गडद रंगांची स्ट्रेट प्रतिमाही ही तपासणी सहज पार करते.

न दिसणाऱ्या रंगाची गळती

काही प्रतिमा नुसत्या चढवल्या तर बरोबर दिसतात, पण लहान केल्या, फिरवल्या किंवा धूसर केल्या की त्यांना कड उगवते. येथे दोष मिश्रणाच्या आधीच्या टप्प्यात असतो, आणि तो समजण्यासाठी शेजारशेजारचे दोनच पिक्सेल पुरतात. पहिला पूर्ण लाल आहे: २५५, ०, ० आणि अल्फा २५५. दुसरा पूर्ण पारदर्शक आहे, पण अल्फा शून्य असला तरी त्याच्या रंगाच्या जागी काहीतरी लिहिलेले असणारच. समजा तेथे पांढरा आहे. प्रतिमा निम्म्या आकाराची करताना या दोघांची सरासरी निघते. स्ट्रेट रीतीत सरळ सरासरी काढली तर उत्तर २५५, १२८, १२८ आणि अल्फा १२८ येते, म्हणजे गुलाबी. ज्या पांढऱ्याचे अस्तित्व कोणाला दिसायलाच नको होते, तो लाल रंगात मिसळला. तेथे पांढऱ्याऐवजी काळा असता तर तपकिरीकडे झुकलेला मळकट लाल मिळाला असता.

आधी गुणाकार करून मग सरासरी काढली, तर पारदर्शक पिक्सेलचा रंग अल्फाच्या शून्याने गुणला जाऊन स्वतःच शून्य होतो. सरासरी येते १२८, ०, ० आणि अल्फा १२८. ही नोंद प्रीमल्टिप्लाइड आहे, त्यामुळे भागाकार केला की पुन्हा शुद्ध लाल हाती येतो, फक्त निम्म्या जागेचा. म्हणून आकार बदलणे, फिरवणे, धूसर करणे, किंबहुना शेजारच्या पिक्सेलांची सरासरी काढणारी कोणतीही क्रिया प्रीमल्टिप्लाइड रूपातच करावी, हा नियम मी अपवादाविना पाळतो. पायथनमधली पिलो ही प्रतिमांची लायब्ररी आरजीबीए (लाल, हिरवा, निळा आणि अल्फा) प्रतिमेचा आकार बदलताना ही काळजी आतल्या आत घेते. ओपनसीव्ही ही दुसरी प्रतिमा-लायब्ररी चारही आकडे एकमेकांपासून स्वतंत्र समजते आणि घेत नाही. एकच काम दोन लायब्ररींत करून वेगळ्या कडा मिळाल्या, तर कारण बहुधा हेच असते.

येथे एक अपवाद नोंदवायला हवा, आणि तो कोडचा नव्हे, प्रतिमेचा आहे. चिन्ह पांढऱ्या पार्श्वभूमीवर काढून नंतर ती पार्श्वभूमी पुसली असेल, तर कडेच्या रंगात पांढरा आधीच मुरलेला असतो, आणि मिश्रण कितीही अचूक केले तरी गडद पार्श्वभूमीवर पांढरी किनार उमटणारच. पूर्वीची पार्श्वभूमी कोणती होती आणि अल्फा बरोबर आहे हे ठाऊक असेल, तर त्या रंगाचा वाटा वजा करून उरलेल्याला अल्फाने भागता येते. ते ठाऊक नसेल तर मूळ प्रतिमा पुन्हा मागवणे उत्तम.

रंग बरोबर, अल्फा चूक

पडद्यावर ठीक आणि फाइलमध्ये आरपार, या तक्रारीचे मूळ उत्तराच्या अल्फात असते. ग्राफिक्स कार्डकडून चित्रे काढून घेण्याच्या ओपनजीएलमध्ये स्ट्रेट रंगांसाठी सर्रास लिहिली जाणारी जोडी म्हणजे वरच्याला त्याच्या अल्फाने गुणा आणि खालच्याला एक वजा अल्फाने. रंगांसाठी ती योग्य आहे, पण तोच गुणाकार अल्फालाही लागू होतो, म्हणजे अल्फाचा स्वतःशीच गुणाकार होतो. पूर्ण अपारदर्शक पार्श्वभूमीवर निम्म्या अल्फाची काच ठेवली, तर उत्तराचा अल्फा पाव अधिक निम्मा, म्हणजे पाऊण येतो. अपारदर्शक भिंतीवर काच लावली म्हणून भिंत आरपार होत नाही. येथे मात्र झाली. पडदा हा अल्फा वापरत नसल्यामुळे दोष लपून राहतो, आणि बफर फाइलमध्ये लिहिला किंवा वेबपानावर दाखवला की उघड होतो. रंगासाठी आणि अल्फासाठी वेगवेगळे गुणक सांगण्याची सोय ओपनजीएलमध्ये आहे. ती वापरून वरच्या अल्फाचा गुणक एक करावा. अधिक चांगला मार्ग म्हणजे सगळेच प्रीमल्टिप्लाइड ठेवून चारही आकड्यांना ‘एक’ आणि ‘एक वजा अल्फा’ ही एकच जोडी लावणे.

पिलोमध्येही हाच घोटाळा वेगळ्या वेशात भेटतो. पेस्ट हे फंक्शन मास्क (कोठे किती चढवायचे हे सांगणारी प्रतिमा) न देता वापरले तर ते मिश्रण करतच नाही, खालचे पिक्सेल सरळ पुसून टाकते. मास्क म्हणून तीच प्रतिमा दिली तर मिश्रण होते, पण चारही आकड्यांचे, आणि त्यामुळे अल्फाचा पुन्हा वर्ग होतो. रिकाम्या पारदर्शक पटावर अशा रीतीने चढवलेली मऊ सावली फिकी पडते आणि रंगीत कड काळवंडते. पारदर्शक पटावर काम असेल तेव्हा अल्फा कंपोझिट हे फंक्शन वापरावे. ते ओव्हरचे पूर्ण गणित करते. ओपनसीव्ही वापरणाऱ्यांनी त्याआधी आणखी एक गोष्ट पाहावी: प्रतिमा वाचताना ‘न बदलता वाच’ असा पर्याय दिला नाही तर अल्फा वाचतानाच गळून जातो, आणि जो आकडा बफरमध्ये नाहीच त्याचे मिश्रण कितीही सुधारले तरी उपयोग नसतो.

आठ बिटांची तंगी

पायथनच्या नमपाय या गणिताच्या लायब्ररीत प्रतिमा सहसा आठ बिटांच्या पूर्णांकांत येते आणि त्याच प्रकारात गुणाकार केला तर उत्तर २५६वर फिरते. २०० गुणिले २०० म्हणजे ४०,०००, पण हाती येतात ६४. चूक दाखवणारा कोणताही संदेश येत नाही, फक्त चित्रात रंगीत खरखर दिसते. गुणाकारापूर्वी मोठ्या पूर्णांकात किंवा दशांश प्रकारात रूपांतर करणे हा त्यावरचा सरळ इलाज आहे. वेगासाठी २५५ऐवजी २५६ने भागण्याची जुनी सवयही अशीच फसवते: २५५ गुणिले २५५ला २५६ने भागले की २५४ उरतात, आणि अनेक थर चढवता चढवता शुभ्र पांढरा एकेक पायरी उतरत जातो.

प्रीमल्टिप्लाइड रीतीचे मी इतके समर्थन केले, तेव्हा तिची उणीवही सांगायला हवी. अल्फा फार कमी असेल तर आठ बिटांत रंगाला जागाच उरत नाही. एकदा एका चिन्हाभोवतीच्या निळसर झळाळीच्या बाहेरच्या कडेला मला भडक निळी वलये दिसत होती आणि मी दोन दिवस धूसरतेचे गणित तपासत होतो. झळाळीचा रंग होता ९०, १२०, २००. अल्फा ३ असलेल्या पिक्सेलमध्ये गुणाकारानंतर त्याचे १, १, २ झाले, आणि परत भागल्यावर ८५, ८५, १७० मिळाले. अल्फा १ असलेल्या पिक्सेलमध्ये तर ०, ०, १ उरले, म्हणजे भागल्यावर ०, ०, २५५ असा शुद्ध निळा. एवढ्या कमी अल्फाला ते कोणाला दिसले नसते, पण पुढच्या टप्प्यात झळाळी ठळक करण्यासाठी अल्फा वाढवला जात होता आणि तेथे ती वलये वर आली. कामाच्या मधल्या टप्प्यांत सोळा बिट किंवा दशांश संख्या ठेवाव्यात आणि आठ बिटांत अगदी शेवटी यावे, ही सवय मला तेव्हापासून लागली.

प्रकाश आणि त्याचा संकेतांक

गुणाकार, सरासरी आणि बिट सगळे तपासूनही लाल आणि हिरव्याच्या सीमेवर मळकट पट्टा दिसत असेल, तर प्रश्न रंगाच्या आकड्याचा अर्थ काय हा असतो. नेहमीच्या प्रतिमांतले आकडे एसआरजीबी या पद्धतीने लिहिलेले असतात आणि ते प्रकाशाच्या प्रमाणात नसतात; ते प्रकाशाचे नुसते संकेतांक असतात. १२८ हा आकडा २५५च्या निम्मा दिसतो, पण त्यातून पडणारा प्रकाश पांढऱ्याच्या सुमारे २२ टक्केच असतो. पांढऱ्या प्रकाशाच्या खऱ्या अर्थाने निम्मा उजेड हवा असेल तर आकडा १८८च्या आसपास लागतो. म्हणून लाल आणि हिरवा संकेतांकांतच निम्मे निम्मे मिसळले की १२८, १२८, ० असा अंधारलेला रंग येतो, आणि प्रकाशात रूपांतर करून मिसळले तर १८८, १८८, ० असा उजळ पिवळा.

मग नेहमीच प्रकाशात मिसळावे का? माझे मत परिस्थितीवर ठरते. ब्राउझर आणि चित्रे काढण्याची बहुतेक साधने ठरलेल्या वर्तनानुसार संकेतांकांतच मिसळतात. तेव्हा डिझायनरने दाखवलेल्या पडद्याशी हुबेहूब जुळणारे उत्तर हवे असेल तर तसेच करणे भाग आहे, भौतिकशास्त्र काहीही म्हणो. धूसरता, चमक, छायाचित्रांतील केस किंवा त्रिमितीय दृश्ये असतील तर प्रकाशातच काम करावे. घातक असते ते अर्धे इकडे आणि अर्धे तिकडे. अल्फा हा जागेचा हिस्सा आहे, प्रकाशाचा नव्हे, त्यामुळे त्याचे असे रूपांतर कधीही करू नये. प्रीमल्टिप्लाइड प्रतिमेचे रूपांतर करायचे तर आधी अल्फाने भागावे, मग रंग प्रकाशात आणावा आणि पुन्हा गुणावे. हा क्रम चुकवून संकेतांकांत गुणलेली प्रतिमा एसआरजीबी टेक्स्चर म्हणून दिली, की निम्म्या अल्फाचा पांढरा १२८ म्हणून जातो, त्याचा २२ टक्के प्रकाश होतो आणि ५० टक्क्यांऐवजी तेवढाच मिश्रणात पडतो. काळपट रेघ परत हजर होते, या वेळी वेगळ्या दाराने, आणि गुणक तपासत बसणाऱ्याला ती सापडत नाही.

थरांच्या क्रमाबद्दल थोडक्यात सांगायचे तर ओव्हरमध्ये वरचा आणि खालचा यांची अदलाबदल चालत नाही, पण वरचे दोन थर आधी एकत्र करून नंतर तिसऱ्यावर ठेवले तरी उत्तर तेच येते. त्रिमितीय दृश्यात म्हणूनच पारदर्शक वस्तू मागून पुढे अशा क्रमाने काढाव्या लागतात आणि त्या काढताना डेप्थ बफरमध्ये, म्हणजे कोणती वस्तू किती दूर आहे याच्या नोंदीत, लिहिणे बंद ठेवावे लागते.

शोध सुरू करताना मी प्रतिमा आधी काळ्या, पांढऱ्या आणि गर्द जांभळट गुलाबी पार्श्वभूमीवर ठेवून पाहतो. रेघेचा रंग तिन्हींवर तोच राहिला तर ती प्रतिमेतून येत आहे, आणि पार्श्वभूमीबरोबर बदलत गेली तर गुणाकार चुकत आहे असा अंदाज बांधता येतो. त्यानंतर कडेचा एकच पिक्सेल निवडून त्याचे चार आकडे फाइल वाचल्यावर, आकार बदलल्यावर, मिश्रणानंतर आणि जतन केल्यावर असे प्रत्येक टप्प्याला छापून पाहतो. ते आकडे ज्या दोन टप्प्यांच्या दरम्यान हातच्या गणिताशी जुळेनासे होतात, तेथेच दोष असतो. तो सापडल्यावर प्रकल्पात तीन लहान चाचण्या कायमच्या ठेवतो. निम्म्या अल्फाचा करडा २०० अपारदर्शक करड्या २००वर ठेवला तर २००च यावा आणि अल्फा २५५ राहावा. अल्फा १२८वर अल्फा १२८ ठेवला तर १९२ यावा. आणि लाल पिक्सेलाशेजारी पारदर्शक पांढरा ठेवून दोघांचा एक केला, तर उरलेल्या पिक्सेलचा अल्फा निम्मा व्हावा आणि भागाकारानंतर रंग २५५, ०, ० हाच मिळावा.